हाताले इचारू नोको

परतवाड्याच्या रस्त्यालगतचं आमचं चर्च
मनोऱ्याचं नाही.
जुन्या कुष्ठ दवाखान्याची पट्ट्या बांधायची खोली,
तिच्यातच बाकं मांडलीत.
भिंतींना अजून फिनेलचा वास येतो,
आणि उत्तरेच्या खिडकीत सातपुडा,
काही दिवशी रेघ ओढल्यासारखा,
काही दिवशी मुळीच नाही.

शनिवारी संध्याकाळी मी म्हणालो,
आज उपदेश नको.
एकेकानं आपला अनुभव सांगा.
खरं म्हणजे उपदेश लिहूनच झाला नव्हता.
फेब्रुवारीपासून माझ्या प्रार्थना
दाराशी काढलेल्या चपलांसारख्या
जागच्या जागी पडून होत्या,
आणि मला दुसऱ्या कुणाची तरी ऊब हवी होती.

मनोहर तायडे उठला. तापाच्या रात्री
कपाळावर कुणी तळवा ठेवला, म्हणाला.
कंपाउंडरच्या सुनेला संत्र्याच्या बागेत
ऐन दुपारी स्वतःच्या नावाची हाक आली होती.
एलिया, बारावीतला, म्हणाला,
गाताना अंगातून करंट जातो.
मी वहीत लिहून घेत होतो,
वाणी उधारी लिहितो तसं.

मग फुलवंताबाई. उठली नाही.
मांडीवर हात, बोटं पेरापर्यंत झिजलेली.

"मले काई जानवत नाही, पाळकसाहेब.
बावीस सालं झाली बाप्तिस्म्याले.
ना उजेड दिसला, ना आवाज आला.
हाताचं तेवढं सांगते.
इथं आली तवा डॉक्टरनं डोये मिटाले लावले,
कोंबडीचं पीस फिरवलं तळव्यावर,
मने, सांग कुठं लागलं.
मी मनलं, फिरवा तं आधी.
त्यो मने, फिरवून झालं, बाई."

बाकावर कुणीतरी हसलं, आणि गप्प झालं.

"एकडाव तापला तवा उचलला उघड्या हातानं.
हात मने, थंडच हाये.
वास आला तवा खाली पाह्यलं,
माहंच मास.
मंग डॉक्टरचं एकच चालू झालं,
हाताले इचारू नोको.
हात लबाड नाही, त्याले मालूमच नाही.
इस्तो हाये मनून मी सांगतो ना,
मंग हाये.
डॉक्टर मेला. सांगनं नाही मेलं.
चाळीस सालं त्याच्यावरच भाकरी थापल्या मी.

देवाचंबी तसंच धरलं.
तो हाये का नाही, मह्या जीवाले इचारत नाही.
जीव बधिर हाये माहा.
त्यानं सांगितलं, हाये मनून.
मंग हाये."

आणि थांबली.
एलियानं वाकून
तिच्या मनगटावरचा डास हाकलला.
केव्हाचा चावत होता,
तिला कळलंच नव्हतं.

रात्री वहीतलं पान मी फाडलं नाही.
तायड्यांचा तळवा, सुनेची हाक,
तेही खरंच असेल.
पण ती त्यांची भाकर.
मी तिच्यावर माझी चूल
पेटवायला निघालो होतो.

रविवारी प्रभुभोजन.
पोळीचा तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला.
तिनं खाली पाहिलं,
ठेवला आहे याची डोळ्यांनी खात्री केली,
मग दोन्ही मनगटांत धरून
सावकाश तोंडाशी नेला,
एक कणही न सांडता.

मी मेजाकडे वळलो.
माझ्यात काहीच हललं नाही.
ऊब नाही, करंट नाही.
खिडकीत नुसती धूळ,
डोंगर असायचा तिथं.
मी माझा तुकडा उचलला,
आणि खाली पाहिलं.
होता.